प्रत कुठली? हंगेरियन सिनेमा जमवताना शिकलेला धडा



मागच्या वेळी आपण संशोधनाचा प्रश्न कसा बांधायचा ते पाहिलं. आज त्याच्याही आधीची पायरी बघू. ज्या गोष्टीवर तुम्ही संशोधन करणार आहात, ती तुमच्या हातात नेमकी कुठल्या रूपात आली आहे? उदाहरण माझ्याच विषयाचं घेते: हंगेरीचे गाजलेले कलात्मक चित्रपट आणि घरी बघण्यासाठी निघालेल्या त्यांच्या कॅसेट, डीव्हीडी, ब्लू-रे. तुमचा विषय इतिहास असो, साहित्य असो की समाजशास्त्र, शेवटपर्यंत वाचा. ही चूक कुणाकडूनही होऊ शकते.

आधी माझी चूक सांगते.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी कोर्सवर्कसाठी मी मिक्लोश यांचो या दिग्दर्शकाच्या 1966 सालच्या 'द राउंड-अप'वर निबंध लिहिला. गोष्ट 1869 ची आहे. उजाड माळरान, पांढऱ्या भिंतींचा तुरुंगवजा तळ आणि शांदोर रोझाच्या टोळीतली माणसं हुडकून काढण्यासाठी तिथे डांबून ठेवलेले शेतकरी, गुराखी. चौकशी करणारे आवाज चढवत नाहीत. एका कैद्याला ते सांगतात, तुझ्यापेक्षा जास्त खून केलेला माणूस दाखव, तू सुटशील. मग तो माणूस शोधायला लागतो. एवढंच. त्यातून सगळं कोसळत जातं.

माझ्या निबंधाचा मुख्य मुद्दा असा होता की यांचो सत्ता दाखवतच नाही. हुकूम देणारा चौकटीबाहेर राहतो, आपल्याला दिसतो तो फक्त हुकूम पाळणारा. मी त्याला दोन-तीन फ्रेंच विचारवंतांची फोडणीही दिली होती. स्वतःवर जाम खूश होते. गाईड मॅडमनी निबंध वाचला आणि एकच विचारलं.

"अगं, प्रत कुठली पाहिलीस?"

"मॅडम, पूर्ण सिनेमा पाहिलाय, तीनदा."

"ते कळलं. प्रत कुठली?"

प्रत म्हणजे एका सीनियरकडून मिळालेली सीडी. ती कुठल्या तरी व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेली, आणि ती कॅसेट बहुधा टीव्हीवरून. चित्र चौकोनी, कडा धुरकट. पुढे काही महिन्यांनी पूर्ण रुंदीची डिस्क बघायला मिळाली आणि पोटात गोळा आला. मी ज्यांना 'चौकटीबाहेरचे' म्हटलं होतं, त्यातले कित्येक जण चौकटीतच होते. काळे झगे पांघरून, डाव्या नाहीतर उजव्या कडेला निवांत उभे. माझ्या सीडीत ते कापले गेले होते. म्हणजे मी मांडलेला सिद्धान्त यांचोबद्दल नव्हताच, टीव्हीच्या चौकोनाबद्दल होता.

रुंदीचं गणित

हे नेमकं कसं होतं ते समजून घ्या, कारण 'जुनी प्रत वाईट असते' एवढं म्हणून भागत नाही. 'द राउंड-अप' रुंद पडद्यासाठी काढलाय. रुंदी आणि उंचीचं प्रमाण 2.35 ला 1. जुन्या टीव्हीचं प्रमाण 1.33 ला 1. उंची पूर्ण भरायची ठरवली तर 1.33 भागिले 2.35, म्हणजे जेमतेम 57 टक्के चित्र उरतं. 43 टक्के जातं. कुठलं 57 टक्के ठेवायचं हे टीव्हीची प्रत तयार करणारा तंत्रज्ञ ठरवतो. महत्त्वाचं काही एका कडेला घडलं की तो आपली खिडकी तिकडे सरकवतो. या पद्धतीला 'पॅन अँड स्कॅन' म्हणतात.

आता गंमत बघा. खिडकी सरकली की बघणाऱ्याला वाटतं, कॅमेरा सरकला. दोन माणसं दोन टोकांना असतील तर तंत्रज्ञ कधी सरळ एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. बघणाऱ्याला वाटतं, इथे कट आहे. मूळ चित्रपटात दोन्ही नसतं. आणि यांचोची सगळी कला कशात आहे? लांबच लांब शॉटमध्ये, फिरत्या कॅमेऱ्यात, आणि माळावर माणसांचे घोळके कसे जुळतात, फुटतात, उलटतात यात. त्याचा 1974 चा 'इलेक्ट्रा, माय लव्ह' सुमारे सत्तर मिनिटांचा आहे आणि त्यात फक्त डझनभर शॉट आहेत. असल्या दिग्दर्शकाच्या चित्रपटात कुणी परस्पर दोन कट वाढवले तर तो तपशिलातला फरक राहत नाही.

'द रेड अँड द व्हाइट' (1967) घ्या. रशियातल्या यादवीत लाल सैन्याकडून लढणारे हंगेरियन आणि त्यांच्याविरुद्ध श्वेत सैन्य. या चित्रपटात जिंकणं क्षणाचं असतं. आत्ता ज्याच्या हातात बंदूक आहे तो पुढच्या पाच मिनिटांत कैदी असतो. श्वेत अधिकारी कैद्यांना शर्ट काढायला लावतात, पळा म्हणतात, आणि मग त्यांची शिकार करतात. एका प्रसंगात नर्सेसना बर्चच्या बनात नेतात, बँड वाजवतात आणि एकमेकींबरोबर वॉल्ट्झ नाचायला लावतात. नाच संपल्यावर परत पाठवून देतात. काहीच झालं नाही, आणि अंगावर काटा आलेला असतो. शेवटी मूठभर लाल सैनिक गाणं म्हणत श्वेत सैन्याच्या लांबलचक रांगेवर चाल करून जातात. इथे रांगेची लांबी हाच अर्थ आहे. पूर्ण रुंदीत तुम्हाला त्या चालीतला निरर्थकपणा आणि धैर्य एकाच वेळी दिसतं. रांग कापलेल्या प्रतीत फक्त धैर्य उरतं, आणि तो बघता बघता नेहमीचा युद्धपट होतो. हा चित्रपट ऑक्टोबर क्रांतीच्या पन्नाशीसाठी सोव्हिएत युनियनबरोबर मिळून काढला होता आणि सोव्हिएत प्रेक्षकांसाठी त्याचं संकलन बदलून त्याला वीरश्रीकडे झुकवलं गेलं, हे माहीत असेल तर माझा मुद्दा चटकन कळेल. तिथे कात्रीने केलं ते काम टीव्हीचा चौकोन कुणाच्या हुकुमाशिवाय करतो.

नावात आणि सबटायटलमध्ये काय हरवतं

चित्राएवढंच भाषेकडे बघा. 'द राउंड-अप'चं मूळ नाव 'सेगेन्यलेगेन्येक', शब्दशः 'गरीब पोरं'. माळरानावर लपून राहणाऱ्या फरारींना हंगेरियनमध्ये असं म्हणत. मूळ नाव पकडल्या गेलेल्यांच्या बाजूचं आहे. इंग्रजी नाव पकडणाऱ्यांच्या कामाचं आहे. तुम्ही प्रबंधात फक्त इंग्रजी नाव लिहिलंत तर पहिल्याच पानावर नकळत बाजू बदललेली असते.

'द रेड अँड द व्हाइट'मध्ये पात्रं हंगेरियन आणि रशियन अशा दोन भाषा बोलतात. कोण हंगेरियन आणि कोण रशियन यावर कैद्याचं पुढे काय होणार हे ठरतं, असे प्रसंग त्यात आहेत. इंग्रजी सबटायटल मात्र दोन्हींना एकाच पांढऱ्या अक्षरांत बसवतात. आपल्याला सगळ्यांचं सगळं कळतं. पडद्यावरच्या माणसांना कळत नसतं. आवाजाकडे कान देऊन बघितलंत तरच हा फरक लक्षात येतो. मला दोन्ही भाषा येत नव्हत्या, तरी कुठे भाषा बदलते याची वेळेनुसार नोंद ठेवली तेव्हा चित्रपट निराळाच दिसायला लागला. ही नोंद तुम्हीही करू शकता. त्याला हंगेरियन यावं लागत नाही.

चार टक्के वेळ

आता बेला तारकडे येऊ. लास्लो क्रास्नाहोरकाई यांना 2025 चं साहित्याचं नोबेल मिळाल्यापासून 'सातांतांगो'चं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांच्या 1985 च्या कादंबरीवरचा हा 1994 चा चित्रपट सात तासांहून मोठा आहे. बारा भाग, टँगो नाचासारखे सहा पावलं पुढे आणि सहा मागे. पाऊस, चिखल, मोडकळीला आलेली शेतीवसाहत, आणि तारणहार म्हणून परत येणारा एक भामटा. हा चित्रपट कशाबद्दल आहे असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, वाट बघण्याबद्दल. म्हणजेच वेळेबद्दल.

आणि डीव्हीडीवर नेमकी वेळच बदलते. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींवर चालतो. युरोपात आणि आपल्याकडे टीव्हीची पद्धत 'पाल', तिथे सेकंदाला 25. पालच्या डीव्हीडीत बहुतेक वेळा चित्रपट थेट 25 ने पळवतात. फरक फक्त चार टक्क्यांचा, डोळ्यांना कळतही नाही. पण 439 मिनिटांचा 'सातांतांगो' या हिशेबाने सुमारे 421 मिनिटांत संपतो. साडेसतरा मिनिटं गेली, आणि एक चौकटसुद्धा कापलेली नाही!

आवाजाचंही तसंच. वेग वाढला की सूर चढतो. मुद्दाम दुरुस्त केला नसेल तर पेटीवरच्या शेजारच्या पट्टीच्या निम्म्याहून पुढे सरकतो. तार आणि आग्नेश ऱ्हानित्स्की यांच्या 'वर्कमाइस्टर हार्मनीज'मध्ये (2000) हे ऐकलं आणि मला हसू आलं. त्यातला म्हातारा संगीतज्ञ तळमळीने सांगत असतो की वाद्यं लावण्याची आपली पद्धतच खोटी आहे, वर्कमाइस्टरने सुरांची वाट लावली. आणि त्याचा हा विलाप आपण चढ्या सुरात ऐकत असतो.

संशोधनाच्या दृष्टीने मात्र इथे थांबून नीट विचार करा. चित्रपटाच्या अभ्यासात 'शॉटची सरासरी लांबी' हे माप वापरतात: एकूण वेळ भागिले शॉटची संख्या. 'वर्कमाइस्टर' 145 मिनिटांचा, 39 शॉट. सरासरी सुमारे 223 सेकंद. पालच्या डीव्हीडीवर मोजली तर सुमारे 214. म्हणजे माझं सगळं मोजमाप फुकट गेलं का? नाही. तारच्या 2011 च्या 'द ट्युरिन हॉर्स'मध्ये 146 मिनिटांत 30 शॉट आहेत, म्हणजे सरासरी 292 सेकंद. 223 आणि 292 मधला फरक इतका मोठा आहे की चार टक्क्यांनी निष्कर्ष हलत नाही. पण तुम्ही दोन जवळजवळ सारख्या चित्रपटांची तुलना करत असाल, एक पालच्या डीव्हीडीवरून आणि एक ब्लू-रेवरून, आणि फरक तीन-चार टक्क्यांचाच निघाला, तर तो फरक दिग्दर्शकाचा नाही, डिस्कचा असू शकतो. चूक झाली का, एवढं विचारून थांबू नका. ती चूक तुमच्या दाव्याच्या मानाने किती मोठी आहे हे विचारा. व्हायवाला हेच विचारतात.

साल कुठलं लिहायचं?

तिसरी अडचण सेन्सॉरची. पेतर बाचोचा 'द विटनेस' हा स्टालिनी काळावरचा विनोदी चित्रपट. धरणावर पहारा देणारा एक साधा माणूस, पक्ष त्याला एकेक मोठी पदं देतो, प्रत्येक ठिकाणी तो गोंधळ घालतो आणि शेवटी एका बनावट खटल्यात साक्षीदार म्हणून उभा केला जातो. चित्रपट 1969 चा. दहा वर्षं दाबून ठेवला, 1979 ला प्रदर्शित झाला. पुढे 2019 मध्ये कानच्या 'क्लासिक्स' विभागात त्याची पुनर्संचयित, सेन्सॉर न केलेली आवृत्ती दाखवली. आता सांगा, संदर्भात साल कुठलं लिहाल?

उत्तर तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे. बाचोला काय म्हणायचं होतं हा प्रश्न असेल तर 2019 ची प्रत उपयोगाची. हंगेरियन प्रेक्षक कशावर हसले हा प्रश्न असेल तर 1979 ची, कारण ते हसले ते त्या प्रतीवर. त्यातला संत्र्याचा प्रसंग हंगेरियन बोलण्यात वाक्प्रचार होऊन बसला आहे. देशी संत्र्याच्या जागी ऐन वेळी लिंबू पुढे करतात आणि तेच आपलं संत्रं म्हणून खपवतात. अशा वेळी चांगल्या चित्राची, 'पूर्ण' आवृत्ती आपोआप जास्त खरी ठरत नाही.

आणि हो, याच कारणासाठी ती चौकोनी सीडी मी फेकली नाही. टीव्ही आणि कॅसेटवरून यांचो लोकांपर्यंत कसा पोचला, हा प्रश्न उद्या कुणी घेतला तर ती सीडी अस्सल साधन आहे. आमच्या मॅडम फिल्म सोसायटीच्या काळातल्या. पूर्व युरोपातल्या वकिलातींकडून आलेल्या प्रिंट त्यांनी सभागृहात बसून पाहिल्या. पूर्ण रुंदीत, पण एकदाच. आम्ही कापलेल्या चौकटीत, पण हवं तितक्यांदा. त्यांच्या पिढीचं लेखन वाचताना एखादा शॉट चुकीचा आठवलेला दिसला तर हसू नका. त्यांच्याकडे रिमोट नव्हता.

संग्रह आपल्यासाठी काय निवडतो

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. गेल्या काही वर्षांत सुंदर डिस्क निघाल्या आहेत. हंगेरीच्या राष्ट्रीय चित्रपट संस्थेने मूळ निगेटिव्हवरून पुनर्संचयनाचं मोठं काम केलं. ब्रिटनच्या 'सेकंड रन'ने यांचो, कारोय मक्कचा 'लव्ह', झोल्तान हुसारिकचा 'सिन्दबाद' असे चित्रपट आणले. अमेरिकेत 'किनो लॉर्बर'ने 2022 मध्ये यांचोच्या सहा चित्रपटांचा संच काढला. 'सिन्दबाद' (1971) चांगल्या प्रतीत बघाच. रश्शावर तरंगणारे तेलाचे थेंब, विझता निखारा, पाकळ्या. मरणाऱ्या विलासी माणसाच्या आठवणी अशा कणाकणांनी येतात. धुरकट कॅसेटवर ते थेंब दिसतच नाहीत, आणि थेंब दिसले नाहीत तर तो फक्त एका बाईलवेड्या माणसाचा चित्रपट वाटतो.

पण या सुंदर डिस्कच आपल्यासाठी 'हंगेरियन सिनेमा' ठरवतात. मार्ता मेसारोश यांच्या 'अडॉप्शन'ला 1975 मध्ये बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं, आणि तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक. 'क्रायटेरियन'ची ब्लू-रे निघाली 2022 मध्ये, सत्तेचाळीस वर्षांनी. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मेसारोश यांचं नाव तळटीपेत होतं. का? मी खूप विचार करून ठरवलं होतं म्हणून नव्हे, कपाटात त्यांची डिस्क नव्हती म्हणून. कारखान्यात काम करणारी, त्रेचाळीस वर्षांची, मूल हवं असलेली काटा, आणि तिच्या चेहऱ्याजवळ थांबलेला कॅमेरा हे मी उशिरा पाहिलं. पाहिल्यावर 'हंगेरियन सिनेमा म्हणजे मोकळं माळरान आणि लांब शॉट' हे माझं वाक्य खोडावं लागलं. इंग्रजी सबटायटल नसलेले कितीतरी चित्रपट फक्त हंगेरीतल्या डिस्कवर आहेत. ते आपल्या नकाशातच नाहीत. निदान 'माझा नकाशा उपलब्ध डिस्कनी आखलेला आहे' एवढं वाक्य तरी प्रबंधात लिहायला हवं.

तर आता करायचं काय?

महागडा संग्रह करा असं मी म्हणत नाही. पाच डिस्क पुरे, पण प्रत्येकीची नोंद हवी. वहीत किंवा एक्सेलमध्ये हे रकाने पाडा: मूळ भाषेतलं नाव, निर्मितीचं आणि प्रदर्शनाचं साल, डिस्क कुणी आणि कधी काढली, चित्राचं प्रमाण, घड्याळ लावून मोजलेली लांबी, पाल की आणखी काही, सबटायटल कुठल्या भाषेत, कुठल्या आवृत्तीवरून तयार केली. सोबतची पुस्तिका वाचा. रंग कुणी ठरवले, निगेटिव्ह वापरलं की प्रिंट, हे अनेकदा तिथेच मिळतं. पुनर्संचयन हासुद्धा कुणीतरी केलेला अर्थ आहे, हे विसरू नका.

विकत घेणार असाल तर विभाग तपासा. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात, ब्रिटन आणि हंगेरी दुसऱ्या, अमेरिका पहिल्या. ब्लू-रेला आपण 'सी', युरोप 'बी', अमेरिका 'ए'. मी एकदा हौसेने मागवलेली डिस्क आमच्या प्लेअरने तोंडावर नाकारली आणि महिनाभर ती शोभेची वस्तू म्हणून टेबलावर होती. घेण्याआधी विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. पुण्यात असाल तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात जाऊन बसा.

आणि पुढच्या लेखापर्यंत एक घरचा अभ्यास. तुमच्या विषयातलं एक मूळ साधन निवडा. चित्रपटच हवा असं नाही, पोथी, जुनं वर्तमानपत्र, मुलाखतीचं रेकॉर्डिंग, काहीही चालेल. ते तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत किती हातांतून गेलं आणि प्रत्येक हाताने काय कापलं, काय वाढवलं, हे एका पानात लिहा. माझा 'राउंड-अप'वरचा निबंध मी तसाच सुरू केला, पुन्हा पहिल्यापासून. यावेळी पहिल्या परिच्छेदात प्रतीचं वर्णन आहे आणि दुसऱ्या परिच्छेदात कडेला उभे असलेले ते काळ्या झग्यातले लोक. मॅडमनी अजून तो परत दिलेला नाही, पण यावेळी 'प्रत कुठली' असं विचारलं नाही.